गोदाकांठची लांब धांव

जालना जिल्ह्यांत धांवण्याची एक गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. जांब गांवीं १६०८ मध्यें जन्मलेल्या नारायण नांवाच्या मुलास वयाच्या बाराव्या वर्षीं बोहल्यावर उभें केलें. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच तो खरोखरच सावध झाला, मंडपांतून पळत सुटला आणि गोदावरीच्या वरच्या अंगास नाशिकास जाऊन पोंचला, असें परंपरा सांगते. हाच मुलगा पुढें समर्थ रामदास म्हणून प्रसिद्धीस आला. या कथेचा भक्तीच्या अंगानें विचार पुष्कळांनीं केला आहे. परंतु तिच्या शारीरिक बाजूकडे सहसा कोणी पाहत नाहीं. जांब ते नाशिक ही कित्येक मजलांची वाट. तीवर त्या काळीं बांधलेली सडक नव्हती; शेतें, ओढे, वाळवंटें आणि कांटेरी रानें हींच त्या वाटेचीं ठिकाणें. बारा वर्षांच्या पोरानें तें अंतर कापलें तें पहिल्या पळण्याच्या आवेगानें नव्हे. आवेग कोसभरांत संपतो. त्यापुढें उपयोगी पडते ती धिमी, सावध आणि जमिनीशीं जुळवून घेणारी चाल. आजच्या भाषणाचा विषय हीच चाल आहे.

धांवणें हें मराठी मुलुखास नवें नाहीं. मराठेशाहींत जासूद आणि काशीद खलिते घेऊन रात्रंदिवस चालत व धांवत. पुढें टपालाचे हरकारे हातांत घुंगुर बांधलेली काठी घेऊन रानांतून पळत. त्यांच्या कामाचें मोल वेगापेक्षां खात्रीवर ठरत असे. जो हरकारा पहिला कोस वाऱ्यासारखा धांवून दुसऱ्या कोसांत बसून राही, त्याच्या हातीं थैली कोण देणार? ही साधी व्यवहाराची गोष्ट अलीकडे कशी विसरली गेली आहे, हें पाहावयाचें असेल तर पहांटे जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवाबाहेर जावें. अंबड असो, घनसावंगी असो कीं परतूर असो, डांबरी सडकेच्या कडेनें मुलांमुलींचे घोळके धांवतांना दिसतात. शेतकऱ्याचीं, शेतमजुराचीं, ऊंस तोडण्यास दरवर्षीं परमुलुखीं जाणाऱ्या कुटुंबांचीं हीं मुलें. पोलीसभरतीच्या शारीरिक चांचणींत मुलांस १६०० मीटर आणि मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. सैन्यभरतींतही सुमारें एक मैलाचीच धांव असते. म्हणून हीं मुलें मैलभर धांवतात, घड्याळ पाहतात आणि परत फिरतात.

त्यांच्या या कष्टाविषयीं आदरच बाळगला पाहिजे. परंतु पुढें काय होतें तेंही पाहिलें पाहिजे. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. निवड झालेला मुलगा नोकरीवर जातो. न झालेला दोन-तीन वर्षें पुन्हा पुन्हा धांवतो, वयाची मर्यादा ओलांडतो आणि एके दिवशीं बूट खुंटीस टांगतो. त्याच्या मनांत धांवणें म्हणजे एक दरवाजा, आणि तो आपल्यापुरता बंद झाला, एवढेंच उरतें. चार वर्षें घाम गाळून कमावलेलें हृदय, फुप्फुसें आणि पाय यांचें पुढें कांहींच होत नाहीं. पंचविशींतला तो तरुण पाराच्या कट्ट्यावर बसूं लागतो. ही हानि कोणत्याही हिशेबवहींत लिहिली जात नाहीं. परंतु गांवोगांवीं ती डोळ्यांस दिसते. त्या तरुणापुढें परीक्षेवांचून धांवण्याची एखादी वाट ठेवतां येईल काय? गोदावरीच्या कांठची लांब धांव ही अशी वाट आहे.

ज्या धांवेस अर्धमॅरेथॉन म्हणतात, तिचें अंतर २१ किलोमीटर व साडेसत्त्याण्णव मीटर असतें. जुन्या मापानें हे सुमारें साडेसहा कोस झाले. मॅरेथॉन हें ग्रीस देशांतील एका मैदानाचें नांव. ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें तेथें अथेन्सच्या लोकांनीं इराणी सैन्याचा पराभव केला आणि ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवत गेला, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिक सामन्यांत सुमारें ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यांत आली, आणि ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहून पोट भरणारा ग्रामीण ग्रीक होता. १९०८ च्या लंडन येथील सामन्यांत हें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर झालें व १९२१ मध्यें तेंच कायम ठरलें. त्याच्या निम्मी ती अर्धमॅरेथॉन. कसलेला तरुण ती सडकेवर दीड ते दोन तासांत पुरी करतो. नदीकांठच्या कच्च्या वाटेवर त्यालाच अर्धा-पाऊण तास अधिक लागला, तर त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

कच्च्या वाटेची लांब शर्यत ही परदेशांतून आलेली नवी टूम आहे, असें कोणास वाटत असेल तर त्यानें पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा शंभर वर्षांपूर्वींचा इतिहास आठवावा. १९१९ मध्यें तेथें झालेल्या सामन्यांच्या वेळीं संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. लांबच्या शर्यतीस उतरलेले तरुण शेतकरीवर्गांतले होते. ते अनवाणी धांवत. शर्यतीचे नियम व आधुनिक शिस्त त्यांना ठाऊक नव्हती. परंतु माळरानांतून आणि डोंगरवाटांनीं धांवण्यास ते सरावलेले होते. त्यांची कामगिरी पाहून, यांना जगाच्या मैदानांत उतरविलें पाहिजे, असें दोराबजींच्या मनानें घेतलें, आणि १९२० मध्यें बेल्जम देशांतील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचें एक छोटें पथक गेलें. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षींची मॅरेथॉन नेहमींपेक्षां लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती. हवा थंड व पावसाळी होती. चौगुले यांनीं ती सुमारें २ तास ५१ मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. परदेशची हवा, परकें अन्न आणि अनोळखी रस्ते, अशा स्थितींत हा क्रमांक लहान नव्हता. शिक्षण नसतां हें बळ आलें कोठून? रोजच्या जाण्यायेण्याच्या खडबडीत वाटांनींच तें दिलें होतें.

हीच गोष्ट आजच्या काळांत जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यानें पुन्हा सिद्ध केली आहे. गोदावरीच्या पलीकडच्या तीरास बीड जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे हे लहानपणीं सहा किलोमीटरांवरच्या शाळेंत चालत व धांवत जात. बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्यें भरती झाले. सियाचेनच्या बर्फांत आणि राजस्थानच्या वाळूंत त्यांनीं नोकरी केली, आणि २०१५ मध्यें सैन्यांतील रानवाटांच्या शर्यतींत, म्हणजे ज्यांस क्रॉसकंट्री म्हणतात त्यांत, ते प्रथम उतरले. २०२० च्या नोव्हेंबरांत दिल्ली येथें त्यांनीं अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धांवून राष्ट्रीय उच्चांक केला. ६१ मिनिटांच्या आंत हें अंतर कापणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२२ मध्यें बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत ३००० मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. नाशिक जिल्ह्याच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनीं २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटरांत कांस्यपदक घेतलें. दोघांचीही पहिली शाळा म्हणजे गांवची पाऊलवाट. प्रत्येकानें साबळे किंवा राऊत व्हावें, असा याचा अर्थ नव्हे. ज्या वाटेस गांवकरी गैरसोय म्हणतात, तींत एक विद्या दडलेली असते, एवढाच याचा अर्थ.

आतां गोदाकांठाकडे वळूं या. पैठणच्या जायकवाडी धरणाखालून वाहत येणारी गोदावरी जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आंखते. अंबड, घनसावंगी व परतूर हे तीन तालुके तिच्या उत्तर तीरास आहेत. शहागडजवळ धुळें-सोलापूर महामार्गाचा पूल ती ओलांडतो. त्या पुलावरून भरधांव जाणाऱ्या प्रवाशास नदी क्षणभर दिसते आणि नाहींशी होते. परंतु पुलाखालीं उतरून कांठानें चालूं लागणाऱ्यास ती तासन्‌तास सोबत करते. जोगलादेवी, राजाटाकळी अशा ठिकाणीं बंधारे घातलेले असल्यामुळें कांहीं भागांत पाणी हिवाळ्यांतही तुडुंब असतें. इतरत्र वाळूचे पट्टे उघडे पडतात. तीराच्या वर ऊंसाचे फड, मधून मधून मोसंबीच्या बागा, आणि त्यांच्या व पाण्याच्या मध्यें गुराख्यांनीं, कोळ्यांनीं व पाणी उपसणारीं इंजिनें सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांनीं पाडलेली वाट. ही वाट कोणी बांधली नाहीं, म्हणूनच ती धांवणाऱ्यास शिकविते.

सडकेवर पाऊल एकसारखें पडतें. हजार वेळां तोच स्नायु, तोच सांधा, तोच दणका. कांठच्या वाटेवर प्रत्येक पाऊल निराळें. पहिल्या मैलांत काळी कसदार माती लागते. ती कोरडी असतां तिच्यावर भेगा पडलेल्या असतात आणि ओली असतां ती पायास अशी चिकटते, कीं प्रत्येक बुटाचा भार शेरभर वाढतो. पावसानंतर दोन-तीन दिवस अशा मातींत धांवूं नये, हा येथला पहिला नियम. पुढें वाळू लागते. वाळूंत लांब ढांग टाकणारा फसतो. पाऊल आंखूड टाकावें, टांच रुतूं देऊं नये, आणि पाण्याजवळची ओलसर, घट्ट वाळू शोधावी. मग एखादा ओढा आडवा येतो. त्याच्या उतारावर गुडघे किंचित्‌ वांकवून, शरीर मागें न रेलतां, लहान पावलांनीं उतरावें, चढावर चालावें. चढावर चालण्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं. जगांतले नामांकित रानवाटांचे धांवपटूही तीव्र चढ चालूनच जातात, कारण तेथें धांवून मिळणारा वेळ थोडा व खर्च होणारी शक्ति मोठी असते. ऊंसाच्या फडाजवळून जातांना नजर जमिनीवर असावी. उंदरांच्या शोधांत घोणस तेथें येते. बाभळीखालून जातांना कांट्याकडे लक्ष असावें. अनवाणी धांवण्याची संवय नसलेल्यानें केवळ जुन्या वीरांच्या अनुकरणानें बूट टाकूं नयेत. नजर चार-पांच पावलें पुढें आणि मन याच पावलावर, ही साधना सडकेवर कधींच घडत नाहीं.

दिशेचाही विचार हवा. गोदावरी येथें पूर्वेकडे वाहते. सूर्योदयाच्या वेळीं प्रवाहाबरोबर धांवणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतें आणि वाटेंतला खड्डा दिसत नाहीं. म्हणून उजाडतां उजाडतां, सूर्य क्षितिजावर येण्यापूर्वीं, पूर्वेस साडेदहा किलोमीटर जाण्यास निघावें. परततांना वर आलेला सूर्य पाठीशीं राहतो. जाऊन-येऊन अशा मार्गाचा दुसराही लाभ आहे. जातांना पाहिलेला प्रत्येक ओढा, खड्डा व झाड परततांना ओळखीचें होतें, आणि जो मनुष्य जातांना उधळेपणा करतो त्याला परतीची वाट चोख शिक्षा देते. पहिल्या निम्म्या धांवेंत शेजाऱ्याशीं पुरीं वाक्यें बोलतां येतील इतकीच गति ठेवावी. वाक्य तुटूं लागलें, तर पाऊल आवरावें. याहून सोपें मापनयंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

तयारीस किमान चार महिने द्यावेत. ज्याला मैलभर धांवण्याची संवय आहे त्यानें आठवड्यांतून तीन-चार दिवस सावकाश धांवावें, त्यांपैकीं एक दिवस लांबच्या धांवेचा ठेवावा, आणि आठवड्याचें एकूण अंतर सुमारें एक दशांशापेक्षां अधिक वाढवूं नये. दर तीन-चार आठवड्यांनीं एक आठवडा हलका घालवावा. हाडें व कंडरा हीं स्नायूंपेक्षां सावकाश बळकट होतात. उत्साह मात्र एका दिवसांत वाढतो. नडगी किंवा गुडघा दुखूं लागला असतां तो उत्साह ऐकावयाचा नाहीं. शरीरांत सांठविलेल्या साखरेवर सामान्य मनुष्य दीड-दोन तास नीट धांवूं शकतो. कच्च्या वाटेवर वेळ अधिक लागतो, म्हणून तासाभरानंतर गुळाचा खडा, केळें किंवा खजूर असें कांहीं थोडथोडें खावें. घरची भाकरी व पिठलें, डाळ, दूध आणि पुरी झोंप हींच या तयारीचीं खरीं औषधें होत.

आतां एक गंभीर गोष्ट. धांवण्यांत जीव जाऊं शकतो, आणि तो बहुधा शत्रु न ओळखल्यामुळें जातो. जून २०१४ मध्यें मुंबई येथें पोलीसभरतीच्या पांच किलोमीटरांच्या धांवेंत कांहीं तरुण उमेदवार कोसळून मृत्युमुखीं पडले. उकाडा होता, हवेंत दमटपणा होता आणि प्रत्येकाच्या मागें घरच्या गरजेचा चाबूक होता. पुढें तें अंतर कमी करण्यांत आलें. मराठवाड्यांत मे महिन्यांत पारा ४० अंशांवर चढतो. त्या दिवसांत लांब धांवेचें नांवही काढूं नये. दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ येथें उत्तम. धांवतांना एखादा सोबती अडखळूं लागला, असंबद्ध बोलूं लागला, चिडूं लागला आणि त्याचें अंग तापलें, तर तो थकला असें समजून त्यास पुढें ढकलूं नये. हा उष्माघात असूं शकतो. त्यास तात्काळ सावलींत न्यावें, कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतावें, ओलीं फडकीं मानेस, कांखेंत व जांघेंत ठेवावींत, वारा घालावा आणि मगच वाहनांत घालून दवाखान्यांत न्यावें. आधीं गार करणें, मग नेणें, हा क्रम लक्षांत ठेवला तर प्राण वांचतो. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये. पाण्याविषयीं दुसरी चूकही होते. तहान नसतां तांब्यामागून तांब्या नुसतें पाणी पिण्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण घटतें व तेंही घातक ठरतें. तहानेप्रमाणें प्यावें, आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हें साधें मिश्रण बरोबर असावें.

उष्णतेप्रमाणें थंडीनेंही घात होतो. २२ मे २०२१ रोजीं चीन देशाच्या गान्सू प्रांतांत पीतनदीच्या कांठच्या डोंगराळ प्रदेशांत शंभर किलोमीटरांची शर्यत होती. १७२ धांवपटु निघाले. दुपारीं हवा एकाएकीं पालटली. गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. धांवणाऱ्यांच्या अंगावर अपुरे, पातळ कपडे होते आणि जेथें संकट आलें त्या उंच भागांत वाहन पोंचत नव्हतें. २१ जण थंडीनें गारठून मरण पावले. त्यांत नामांकित धांवपटुही होते. त्याच वेळीं तेथल्या एका मेंढपाळानें सहा जणांस आपल्या आसऱ्याच्या गुहेंत नेऊन, शेकोटी पेटवून व गोधड्या पांघरून वांचविलें. त्यास शर्यतीचें नियोजन कोणी शिकविलें नव्हतें. पण त्यास डोंगर व आभाळ ठाऊक होतें.

या प्रसंगांतून गोदाकांठच्या गांवांनीं धडा घ्यावयाचा तो हाच. अशी धांव भरविण्यास शहरांतून कंत्राटदार आणण्याची गरज नाहीं. गांवच्या तरुणांनीं, शाळेनें व ग्रामपंचायतीनें मिळून ती भरवावी, आणि वाट आंखतांना प्रथम विचारावें तें तेथल्या गुराख्यास, धनगरास व कोळ्यास. कोणत्या ओढ्यांत गाळ आहे, कोणत्या काठाची कड आंतून पोखरली आहे, कोठें वाळू उपसल्यानें खोल डोह झाला आहे, हें त्यांनाच ठाऊक असतें. वाळूचे हे खड्डे पाण्यानें भरले म्हणजे वरून दिसत नाहींत. त्यांनीं पोहणाऱ्यांचे बळी घेतले आहेत, आणि कांठावरून घसरलेल्या धांवपटूसही ते सोडणार नाहींत. म्हणून मार्ग कडेपासून दूर ठेवावा. धरणांतून पाणी सुटण्याची शक्यता असेल त्या दिवसांत धांव ठेवूं नये. ऑगस्ट २००६ आणि सप्टेंबर २०२५ मध्यें वरून आलेल्या पाण्यानें कांठच्या वस्त्यांची काय अवस्था केली, हें तेथल्या लोकांस सांगावयास नको. ज्यांच्या शेतांतून वाट जाते त्यांची अनुमति घ्यावी, आणि त्यांच्या पिकांतून कोणी जाणार नाहीं असा बंदोबस्त ठेवावा. दर दीड-दोन मैलांवर पाण्याचा माठ, मिठासाखरेचें पाणी आणि एक जाणता मनुष्य असावा. निघालेल्यांची संख्या मोजावी आणि परतलेल्यांचीही मोजावी. दोन्ही आंकडे जुळल्यावांचून कोणीही मांडव सोडूं नये.

मुलींसाठीं यांत विशेष सोय करावी. पहांटेच्या अंधारांत एकट्या मुलीस सडकेवर पाठविण्यास घरचीं माणसें धजत नाहींत, आणि त्यांची भीति खोटीही नाहीं. तिच्या धांवण्याचा शेवट बहुधा येथेंच होतो. पायांतल्या बळाच्या अभावीं होत नाहीं. गांवांतल्या पांच-सात मुलींचा एक घोळका, सोबत एखादी मावशी किंवा शिक्षिका, आणि उजाडल्यानंतरची वेळ, एवढें साधलें तरी पुष्कळ वाट मोकळी होते. वडीलधाऱ्यांनीं कांठावर उभें राहून पाहावें. ज्या मुलीस साडेसहा कोस धांवून हंसत परत येतांना बापानें पाहिलें, तिला पुढील शिक्षणासाठीं जिल्ह्याच्या गांवीं पाठवितांना त्याचें मन आधींपेक्षां कमी कचरेल.

या सर्वांतून मिळणार काय, असा प्रश्न कोणी व्यवहारी मनुष्य विचारील. नोकरी मिळणार नाहीं. बक्षिसाची रक्कम ठेवली तरी ती एका-दोघांस. परंतु भरतींत मागें पडलेला तरुण जेव्हां या वाटेवर येतो, तेव्हां त्यास एक निराळा अनुभव मिळतो. भरतींतील धांवेंत कांहीं सेकंदांनीं मनुष्य उमेदवार ठरतो किंवा निरुपयोगी ठरतो. कांठच्या धांवेंत सतराव्या किलोमीटरावर, पाय जड झाले असतां, त्याच्यापुढें कोणी अधिकारी घड्याळ घेऊन उभा नसतो. तेथें थांबावयाचें कीं चालत कां होईना पुढें जावयाचें, हें त्याचें त्यालाच ठरवावें लागतें. आणि पुढें जाण्याचा निर्णय एकदां स्वतः घेतलेल्या मनुष्यास कट्ट्यावर बसून राहणें कठीण जातें. शिवाय जो आठवड्यास दोन वेळां नदीच्या कांठानें धांवतो, त्यास नदींतलें पाणी कोठें सडलें, कोठें वाळू नाहींशी झाली, कोणतें झाड तुटलें, हें पंचनाम्यावांचून कळतें. आज पुष्कळांचा नदीशीं संबंध अस्थिविसर्जनापुरता आणि पंपाच्या नळीपुरता उरला आहे. जो तिच्याजवळून रोज जाईल, तोच तिच्याविषयीं बोलेल.

शर्यत संपते तेव्हां पहिल्या आलेल्याभोंवतीं गर्दी होते, फुलांचे हार पडतात. तें योग्यच आहे. परंतु गांवानें त्यानंतर आणखी तासभर थांबावें. ऊन वर येतें, माठांतलें पाणी तळास जातें, वाजंत्री आपलीं वाद्यें गुंडाळूं लागतात, आणि मग दूर बाभळीच्या रांगेपलीकडून एखादी आकृति हळूहळू येतांना दिसते. बुटांवर चिखल, अंगरख्यावर मिठाचे पांढरे डाग, चाल मंद पण न थांबणारी. तो शेवटचा असतो. कदाचित्‌ तीन वेळां भरतींतून परत आलेला असतो. त्याची गणती पुरी होईपर्यंत ज्या गांवचे लोक उभे राहतील, त्या गांवास धांवणें म्हणजे काय हें कळलें असें समजावें. जांबचा तो मुलगा निघाला तेव्हां त्याच्या पाठीमागें ओरडणारे पुष्कळ होते आणि पुढें वाट पाहणारें कोणी नव्हतें. आजच्या मुलांसाठीं वाटेच्या शेवटीं कोणी तरी थांबलेलें असावें.